पाचवा खुंटा

१

पोटचं पोरगं शहाण्यासारखं वागायला लागलं तर आईनं गावात साखर वाटावी. आक्काबाई ढोकणेचं मात्र त्यानंच डोकं उठलं होतं. रविवारी पूर येऊन गेला आणि सोमवारपासून अमृत स्वतःच्या घरात नव्या जावयासारखा वागत होता. ताटात गवारीची भाजी आली, मुकाट्यानं खाल्ली. चहात साखर कमी पडली, तरी प्याला. अन्नाला नाव ठेवल्याशिवाय ज्यानं चाळीस वर्षांत पहिला घास मोडला नव्हता, तो आता "असू दे, चालतंय की" म्हणत होता.

आक्काबाईनं त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. गार.

"ताप न्हाई, थंडी न्हाई, मग असा गरीब गाईवानी का बसलायस रं?"

अमृतनं ताट बाजूला सारलं. तो पाणी प्याला आणि उठून हात धुवायला गेला.

आक्काबाईचा नवरात्राचा नऊ दिवसांचा उपास होता, आणि उपासाच्या दिवसांत तिला माणसं नेहमीपेक्षा दुप्पट मूर्ख वाटत. यंदा तर वादळानंही तिला फसवलं होतं. टीव्हीवरची पोरगी छान साडी नेसून सांगत होती की बंगालच्या बाजूला उठलेलं वादळ जमिनीवर येऊन कमजोर झालंय. कमजोर झालं म्हणे! आक्काबाईला कमजोर पाहुण्यांचा अनुभव होता. धडधाकट पाहुणा चहा पिऊन वाटेला लागतो. दमून आलेला तीन दिवस पडून राहतो. ह्या वादळानं आपला वारा वाटेत कुठंतरी टाकून दिला आणि पाणी तेवढं नगर जिल्ह्यात आणून ओतलं. बेलापूरच्या अलीकडचा त्यांचा ओढा, ज्यात उन्हाळ्यात पोरं क्रिकेट खेळतात, तो रविवारी सकाळी नऊ वाजता गोठ्यात शिरला. अर्ध्या तासात गव्हाण बुडाली. दुपारी दोनला पाणी उतरलंही, जसं काही झालंच नाही. घराच्या उंबऱ्यापाशी येऊन ते थांबलं होतं, एवढीच देवीची कृपा.

गोठ्यात पाच जनावरं होती. उंचावरच्या शाळेत पोचली चार.

पाचवी हरणी. हरणी सुनेची, अमृतच्या बायकोची, पूजाची. राजूरच्या डोंगरातलं पूजाचं माहेर, तिथून लग्नानंतर तीन वर्षांनी तिनं पाडसाएवढं वासरू आणलं होतं. डांगी जातीचं, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके. आता ती भरली कालवड झाली होती, पण अजून व्यायली नव्हती. आजूबाजूच्या वस्त्यांवर सगळ्यांकडे दुधाच्या जर्सी. म्हणून हरणीला लोक हसत, आणि सगळ्यात मोठ्यानं आक्काबाई हसे. "खायला काळ आन भुईला भार," असं तिनं सहा महिन्यांत साठ वेळा म्हटलं असेल. राजूरच्या प्रदर्शनात हरणीचा दुसरा नंबर आला तेव्हासुद्धा ती म्हणाली होती, "नंबर दुधात घालून प्यायचा का?"

आता हरणी नव्हती, आणि घरात जो तो पंच झाला होता.

"बांधलेली तशीच ठिवली पूजानं," शेजारच्या घरातून आलेले धाकटे दीर सूर्यभान पुन्हा पुन्हा सांगत होते. "घाबरली पोरगी, इसरली. नायतर मग त्या रामहरीनं गडबडीत हाकून न्हेली असंल. कायतरी एक असनारच, वैनी."

रामहरी पंधरा वर्षं वस्तीवर काम करत होता. सोमवारी दुपारी अमृत त्याला एवढंच म्हणाला, "दसऱ्यापासनं येऊ नको." कारण सांगितलं नाही. रामहरीनंही विचारलं नाही. खांद्यावरचा टॉवेल झटकला आणि निघून गेला.

संध्याकाळी पूजानं माळ्यावरची बॅग काढली. ती रडत नव्हती, हेच आक्काबाईला आवडलं नाही.

"आत्याबाई, मी बुधवारच्या दुपारच्या गाडीनं राजूरला जाते. सगळी म्हनत्यात मी तिला बांधून मारली. खरं असंल तर ह्या घरात मला त्वांड दाखवायचं न्हाई. खोटं असंल तर ज्यानं कुनी बोलायला पायजे हुतं, तो बोलला न्हाई."

हे शेवटचं वाक्य तिनं अमृतकडे बघून म्हटलं. अमृत मोबाईलमध्ये बघत होता. मोबाईल बंद होता.

"बुधवारी खंडेनवमी हाय," आक्काबाई खेकसली. "माझी हत्यारं पुजल्याबिगर ह्या घरातनं कुनी हलायचं न्हाई. बॅग ठिव खाली."

पूजानं बॅग खाली ठेवली. पण तिची चेन तिनं उघडीच ठेवली.

२

मंगळवारी सकाळी आक्काबाई पदर खोचून गोठ्यात उतरली. सगळीकडं काळा गाळ, गव्हाणीत कुणाच्या तरी शेतातला ऊस, कोपऱ्यात एक परकी चप्पल. तिनं कधी पोलिसांचा तपास पाहिला नव्हता आणि पाहायची इच्छाही नव्हती. चुलीवरचं दूध उतू गेलं की कुणाचं लक्ष नव्हतं ते कसं शोधायचं, एवढं तिला येत होतं.

"पूजे, इकडं ये. रडगानं नको. काय क्येलंस, तेवढं सांग."

"सहाला वैरन टाकली. तवा पाचीबी हुत्या, हरनीनं माझा हात चाटला. मग घरात आले. पाऊस वाढला तशी धान्याच्या गोन्या माळ्यावर टाकीत बसले. नऊला पान्याचा आवाज आला म्हनून पळत आले. पानी पायाच्या घोट्याला हुतं, बघता बघता गुडघ्याला आलं. गाठी सोडाय ग्येले, पन भिजलेली दावी, गाठी फुगलेल्या. सुटंनात. मग इळ्यानं कापत ग्येले."

"किती कापली?"

पूजानं बोटांवर मोजून पाहिलं. "तेच तर आठवत न्हाई, आत्याबाई. हाताला जे लागलं ते कापलं. चार आठवत्यात. पाचवं कापलं का न्हाई..." मग एकदम ती चिडून म्हणाली, "पन हरनी पान्यानं मरनारी न्हाई! आमच्याकडं डांगी जनावरं चार म्हयने असल्या पावसात रानात चरत्यात. त्यांच्या कातड्यावर पानी ठरत न्हाई. ती टेम्पोला भिती, पान्याला न्हाई."

"झालं तुझं डांगीपुरान?" आक्काबाई म्हणाली. पण ते तिनं ध्यानात ठेवलं.

ती खुंट्यांकडे वाकली. पहिल्या खुंट्याला दाव्याचा वीतभर तुकडा, टोक विळ्यानं कापलेलं. दुसऱ्याला तसाच. तिसऱ्याला, चौथ्याला तसाच, गाळानं माखून काळा झालेला, गाठ दगडासारखी घट्ट. आक्काबाईनं नखानं ओढून पाहिली, नख मोडलं. तिनं पाण्याला एक शिवी दिली.

पाचवा खुंटा मागच्या दाराकडचा, हरणीचा. बाभळीचा. तिनं त्याला लाथ घातली. तसूभर हलला नाही, तिच्याच अंगठ्याला लागलं.

मग ती तिथंच उकिडवी बसली. हरणी बांधलेली बुडाली असती तर ती मेलेली इथंच सापडली असती. दावं तोडून गेली असती तर तुटका तुकडा राहिला असता. पूजानं कापलं असतं तर कापलेला राहिला असता.

पाचव्या खुंट्याला दाव्याचा एक धागासुद्धा नव्हता.

"पूजे," ती हळू म्हणाली, आणि ती हळू बोलली की घरातली मांजरंही उठून जात. "हे दावं सोडलंय. कोरडी गाठ असताना, सावकाश. पानी यायच्या आदी."

३

रामहरी त्याच्या घराच्या ओट्यावर बसून सुतळी वळत होता. आक्काबाईला पाहून उठला, पण 'या' म्हणाला नाही. तिला त्याचं वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की तिला राग येई.

"पंधरा वरसं माझ्या घरचा चहा प्यालास, आन आता बसासुदिक म्हनत न्हाईस?"

"बसा, आक्का. मालकानं काढल्यावर मानसानं काय म्हनावं ते मला ठाव न्हाई."

"मालक कोन ते मी बघीन. रविवारी तू माझ्याबरोबर कांद्याच्या चाळीवर ताडपत्री वढत हुतास. कवापास्नं?"

"आठपास्नं. तुमी मला सतरा येळा गाढव म्हनलात. मोजलंय म्या."

"अठरावं आत्ता म्हनते. आठच्या आदी कुठं हुतास?"

"हितंच. पन त्याला साक्षी कोन? बायकू ल्योकीकडं गेलेली, मी एकला." त्यानं सुतळी खाली ठेवली. "आक्का, तुमाला वाटतंय का मी न्हेली?"

"मला काय वाटतंय ते मी वाटायला लागल्यावर सांगीन," म्हणून ती उठली. चार पावलांवर जाऊन परत वळली. "आन ती सुतळी सैल वळतोयस."

परतताना सूर्यभान आडवे आले. सूर्यभान म्हणजे गावातलं प्रत्येक काम दुसऱ्यानं करावं आणि पहिलं भाषण आपण करावं, अशा मताचे गृहस्थ. पूर आला तेव्हा सगळे जनावरं हाकत होते. हे स्वतःच्या स्लॅबवर छत्री धरून मोबाईलमध्ये पुराचं शूटिंग करत होते.

"वैनी, आठ हजार लोकांनी बघितला माझा व्हिडिओ! तुमीच तेवढ्या राहिलाय."

"माझी मेली गाय, आन तुमी नाटक दाखवा," असं ओठांवर आलं होतं. पण तिनं ते गिळलं. "दाखवा."

मोबाईलमध्ये आधी सूर्यभानांचंच तोंड आलं. "नमस्कार मंडळी, आज आपण बघनार आहोत निसर्गाचा कोप..."

"कोप ऱ्हाऊ द्या, गोठा कुठाय?"

मग गोठा आला. स्लॅबवरून तो सरळ दिसत होता, पुढची भिंत नसलेला. ओढ्याचं पाणी नुकतंच कडेला लागलेलं, आत चिखलसुद्धा झालेला नव्हता. जनावरं अस्वस्थ होऊन माना झटकत होती. आक्काबाईला अक्षर ओळखायला डोळे बारीक करावे लागत. शेपट्या मोजायला चष्मा लागत नव्हता.

"थांबवा. मागं न्या. परत लावा."

तीन वेळा लावलं. एक, दोन, तीन, चार. मागच्या दाराकडची जागा रिकामी. तिथली वैरण तशीच पडलेली, पाणी अजून तिथवर पोचलंच नव्हतं. मग विळा घेऊन पळत येणारी पूजा दिसली. तिनं चारही दावी कापली, पाचव्या जागी गेली, रिकामा खुंटा पाहून गोंधळली, दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि लाट आली तशी परत फिरली.

पोरीला आठवत नव्हतं, पण मोबाईलला आठवत होतं.

"दोनशे येळा बघितला म्या हा व्हिडिओ," सूर्यभान पुटपुटले. "ही गोस्ट ध्यानातच आली न्हाई."

"तुमी सवताचा आवाज आयकत हुतात, भाऊजी. गाई कुठं मोजताय?"

सूर्यभानांनी लगेच नवी बाजू पकडली. "म्हंजे सहा ते नऊमदी कुनीतरी न्हेली! मग रामहरीच. आठच्या आदी न्हेली आसनार. न्हाईतर पूजानंच भावाला दिली असंल. राजूरलाच तर जायाला निघालीय!"

आक्काबाईनं त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी मोबाईल खिशात घातला. पण शब्द तर बाहेर पडले होते. रामहरी आठच्या आधी एकटा होता. पूजा घरात एकटी होती. आणि अमृत? अमृत साडेसातला "दुधाची गाडी येतीय का बघतो" म्हणून डांबरी रस्त्याला गेला होता. पूर आल्यावर भिजून परत आला.

दुधाची गाडी त्या दिवशी आलीच नव्हती.

४

त्याच दुपारी पंचनाम्याला तलाठी आल्या. मैत्रेयीमॅडम नगर शहरातल्या, वयानं पूजाएवढ्या, गुडघ्याएवढे बूट घालून चिखल तुडवत आलेल्या. आक्काबाईला बूट आवडले.

"पिकाचं लिहिलं, गोठ्याच्या भिंतीचं लिहिलं," मॅडम म्हणाल्या. "जनावर वाहून गेलंय असं सूर्यभानकाका म्हणाले. कानातल्या बिल्ल्याचा नंबर असेल तर द्या. आणि अर्जावर सही लागेल, वाहून गेलेली स्वतः पाहिली म्हणून."

"नको नको," अमृत पटकन म्हणाला. "गाय लिहू नका."

"का? तुमचा हक्क आहे तो."

"एका कालवडीसाठी सरकारला कशाला तरास, मॅडम? जाऊ द्या. गेली ती गेली."

सूर्यभान आ वासून बघत राहिले. हा तोच अमृत होता, ज्यानं गारपिटीत मेलेल्या तीन कोंबड्यांसाठी तहसील कचेरीत चार चकरा मारल्या होत्या. चौथी कोंबडी मांजरानं खाल्लेली होती, तीही यादीत घालायला निघाला होता. त्याला सरकारची दया कधीपासून यायला लागली?

"आजी, तुम्ही सांगा," मॅडम तिच्याकडे वळल्या. "गाय लिहू की नको?"

"उद्या सांगते," आक्काबाई म्हणाली. "उद्यापत्तुर वाट बघ बाई. मला अजून ठाव न्हाई, गाय गेलीय का न्हेलीय."

अमृतनं तिच्याकडे पाहिलं, आणि लगेच दुसरीकडे.

त्या रात्री आक्काबाईनं भगर तोंडात घातली आणि तशीच बाजूला ठेवली. तिला एक गोष्ट दिसायला लागली होती आणि ती तिला बघायची नव्हती. अमृतला तिनं कडेवर घेऊन कांद्याची रोपं लावली होती. गावात कुणी त्याला नाव ठेवलं तर ती दारात जाऊन भांडून आली होती. 'माझं पोरगं तापट हाय, पन खोटं न्हाई' हे तिनं पन्नास लोकांना ऐकवलं होतं.

"देवी," ती घटाकडे बघून म्हणाली, "माझं म्हननं खोटं पाड. येकदा मला मूर्ख ठरव. चालंल."

५

खंडेनवमीला ढोकण्यांच्या घरात विळे, कुदळी, फाळ, कोयते, सगळं घासूनपुसून देवापुढं मांडतात. आणि त्याबरोबर दावी.

माजघरात भिंतीला एक जाड सागवानी खुंटी होती. आक्काबाईच्या सासूपासूनची रीत अशी की घरातलं जनावर विकलं, कुणाला दिलं, बदल्यात दिलं, तरी त्याच्या गळ्यातलं दावं द्यायचं नाही. नवा धनी स्वतःचं दावं आणतो. जुनं काढून घरात ह्या खुंटीला टांगायचं. जनावर जातं, पण दाव्याबरोबर लक्ष्मी घरात राहते. अमृत नऊ वर्षांचा असताना त्यानं विकलेल्या खोंडाबरोबर दावंही देऊन टाकलं होतं. आक्काबाईनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला होता आणि त्याला दोन मैल पळवत पाठवून ते परत आणवलं होतं. "दावं दिलं म्हंजे घर दिलं," असं तिनं त्याला बजावलं होतं. घरातली लेकरं अ-आ-ई विसरली तरी हे विसरत नसत.

खुंटीवर आठ दावी होती. आठही तिला नावानं माहीत होती. कुठलं कुठल्या बैलाचं, कुठलं कुठल्या म्हशीचं. पुराचं पाणी उंबऱ्यावरच थांबलं म्हणून सगळी कोरडी होती.

पूजा बॅग भरून ओट्यावर बसली होती. दुपारची गाडी दीड वाजता. सूर्यभान पूजेचा नारळ फोडायला आपणहून आलेले. आक्काबाईनं निरोप पाठवून रामहरीलाही बोलावलं होतं. तो दाराबाहेर उभा होता, आत येत नव्हता. अमृत कोयत्याला हळद लावत होता, अगदी मन लावून, एकाच कोयत्याला तिसऱ्यांदा.

आक्काबाई एकेक दावं काढून ताटात ठेवू लागली. एक. दोन. पाच. सात. आठ.

खुंटीच्या अगदी मुळाशी, भिंतीला लागून, अजून एक होतं.

ते तिनं काढलं. हिरव्या आणि पिवळ्या जुन्या लुगड्यांच्या चिंध्या वळून केलेलं, डोंगराकडच्या पद्धतीचं. कोरडं, स्वच्छ. गाळाचा एक डागही नाही. आणि मधोमध बोटानं लावलेलं कुंकू.

ओट्यावरून पूजा उठली. "आत्याबाई, हे माझ्या हरनीचं. ह्ये म्याच वळलंय."

"मला दिसतंय," आक्काबाई म्हणाली. ती जमिनीवर बसली. "सगळी आत या. रामहरी, तूबी. उंबरा चावत न्हाई."

सगळे आत आले. आक्काबाईनं दावं मांडीवर घेतलं.

"भाऊजी, तुमी म्हनत हुतात रामहरीनं न्हेली. रामहरीनं न्हेली असती तर हे दावं कुठं असतं?"

सूर्यभान गोंधळले. "त्याच्या घरी."

"व्हय. आपली लक्ष्मी आपल्या घरात. पूजानं भावाला दिली असती तर दावं तिच्या बॅगंत असतं. ती बॅग दोन दिस उघडीच हाय, म्या बघितलीय. भुरटा चोर असता तर त्यानं दावं नदीत फेकलं असतं, त्याला कशाची लक्ष्मी? आन तुमी न्हेली असती, तर तुमच्या खुंटीला असतं. तुमचं घर येगळं, खुंटी येगळी." ती थांबली. "हे दावं ह्या खुंटीला कोन टांगील? ज्याला वाटतं की जनावर गेलं तरी बरकत ह्याच घरात ऱ्हायला पायजे. ज्याला फेकाय हात झाला न्हाई. दावं नदीत टाकलं असतं तर ह्या जन्मात कुनाला कळलं नसतं. पन त्यानं कुंकू लावलं, आन आईनं शिकवलं तसं टांगलं. फकस्त सगळ्यांच्या खाली."

हातातला कोयता अमृतनं खाली ठेवला.

"मी शब्द दिल्ता," तो म्हणाला. "राजूरच्या प्रदर्शनात. तिथल्याच एका बागाईतदाराला. चार मानसांपुढं. त्याला डांगी पायजे हुती, बदल्यात द्यायला त्याच्याकडं गाभन जर्सी हुती. म्हनला, दिवाळीला धाडतो. मी हात मिळवला. घरी येऊन पूजाला सांगितलं, तर म्हनती, गाय माझी हाय. चार मानसांत माझं काय ऱ्हायलं असतं?"

"मग?"

"रविवारी पूजाचा बचतगट बेलापुरात हुता. म्हनलं, ती गेली की टेम्पो आनावा. पावसानं गट रद्द झाला, टेम्पो तर निघालेला. साडेसातला मागच्या दारानं काढली. टेम्पोत चढंना. मग..." तो पूजाकडे बघायला लागला आणि त्याला जमलं नाही. "मग तुझी जुनी शाल दाखवली. तुझा वास आल्यावर चढली."

पूजानं तोंडावर पदर घेतला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा ती मोठ्यानं रडली.

"परत येतोय तर पूर आलेला," अमृत घाईघाईनं बोलू लागला. "मला वाटलं, देवानंच झाकलं. सगळी म्हनली वाहून गेली, मी म्हनलं, बरं. पूजालाच तर मिळनार हुती ना जर्सी! आन आई, तूच तर म्हनायचीस, खायला काळ..."

"म्हनले," आक्काबाई म्हणाली. "साठ येळा म्हनले. ते माझं पाप, ते मी फेडीन. हरनी आल्यावर तिची वैरन मी टाकीन, माझ्या हातानं, मरस्तवर. तू तुझं बोल. चार मानसांत शब्द मोडायला लाजलास. आन ही तीन दिस घरात बसून म्हनतीय, 'म्या माझी गाय बांधून मारली', ते आयकायला लाज न्हाई वाटली? रामहरीला बिनगुन्ह्याचं काढलंस, तवा न्हाई वाटली? गवार खाऊन पाप फिटतं व्हय रं?"

सूर्यभान खाकरले. "वैनी, जाऊ द्या, घरातली गोस्ट..."

"भाऊजी, तुमी नारळ फोडा आन घरी जा. आठ हजार लोकांना सांगा, सून निर्दोष हाय म्हनून. पयल्यांदा तुमच्या मोबाईलनं कायतरी खरं सांगितलंय."

ती उठली. ताटातलं कुंकू बोटाला घेऊन तिनं ते आधी रामहरीच्या कपाळाला लावलं, जसं खंडेनवमीला घरच्या माणसाला लावतात. मग हिरवं-पिवळं दावं अमृतच्या हातात दिलं.

पूजानं पदर बाजूला केला होता. दाराबाहेर वाकून फक्त ओट्यावरच्या बॅगेची चेन तिनं बंद केली, आणि बॅग न उचलता तिथंच राहू दिली.

"आयक, अमृत्या," आक्काबाई म्हणाली, आणि हळू म्हणाली. "दीडच्या गाडीत ही बसायची न्हाई, तू बसशील. राजूरला जायचं, त्या बागाईतदाराला हात जोडायचं, चार मानसांत दिलेला शब्द चार मानसांतच मोडायचा. जर्सी नको म्हनून सांगायचं. येताना टेम्पो करायचा न्हाई. ती टेम्पोला भिती. चालत यायचं, दोघांनी. तिला चालायची सवय हाय, तुला लागंल. उद्या दसरा, लोक सोनं वाटीत फिरतील, तू रस्त्यावर असशील. वाटंत इचारतील, कुनाची रं गाय? संगमनेरात इचारतील, लोनीत इचारतील, बेलापुरात तर चहा पाजून इचारतील. येकालाबी खोटं सांगायचं न्हाई. म्हनायचं, माझ्या बायकूची हाय, म्या चोरून दिलती, परत नेतोय. आन हे दावं घे. म्या तुला शिकवलं ते अर्धंच शिकवलं, आता अर्धं आयक. दुसऱ्याच्या जनावराचं दावं खुंटीला टांगलं तर लक्ष्मी ऱ्हात न्हाई, फास ऱ्हातो. ह्या घरात हे दावं परत यायचं असंल, तर तिच्या गळ्यातच आलं पायजे. त्याबिगर तूबी यायचं न्हाई."